अझोबेंझिनचा पंप-प्रोब घेण्याआधी

पंप-प्रोब म्हणजे एका लेझर स्पंदाने (पंप) रेणू उत्तेजित करायचा आणि किंचित उशिरा येणाऱ्या दुसऱ्या, पांढऱ्या प्रकाशाच्या स्पंदाने (प्रोब) त्याचं काय झालं ते बघायचं. तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते, आणि ती अंधारापासून. प्रकाश पडला की अझोबेंझिनचा लांबट ट्रान्स रेणू मुडपून सिस होतो. तेच तर बघायचंय, पण ट्यूबलाइट कुठला आणि लेझर कुठला हे रेणूला कळत नाही. म्हणून द्रावण लाल दिव्याखाली कर आणि बाटलीला लगेच फॉइल गुंडाळ. चुकून उजेड लागलाच तर ‘रात्रभर कपाटात ठेवू, होईल पूर्ववत’ या भरवशावर राहू नकोस; खोलीच्या तापमानाला सिस परत फिरायला दिवस लागतात. सरळ नवं द्रावण कर. आपला पंप ८०० नॅनोमीटरच्या लेझरची वारंवारता दुप्पट करून मिळतो, म्हणजे ४००. तिथे सिस ट्रान्सपेक्षा जास्त शोषतो, त्यामुळे चिमूटभर भेसळही संकेतात ठळक उमटते. साधा शोषण-वर्णपट आधी घे, प्रयोगानंतरही घे, आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघ.

१ मिलिमीटरच्या फ्लो सेलमध्ये (द्रावण वाहतं ठेवणाऱ्या कुपीत) ४०० ला शोषणांक ०.३ ते ०.५ पुरे. द्रावण फिरवणारा पंप सुरू करून बुडबुडे गेल्याची खात्री कर. सेकंदाला हजार स्पंद येतात. द्रावण थांबलं तर तेच रेणू पुन्हा पुन्हा झोडपले जातील.

डिले स्टेजवर, म्हणजे एका स्पंदाची वाट लांबवून दोघांमधला वेळ बदलणाऱ्या सरकत्या आरशांवर, ०.१५ मिलिमीटर म्हणजे १ पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), कारण प्रकाश जाऊन परत येतो. नमुन्याच्या जागी पिनहोल (बारीक छिद्राची पट्टी) लाव आणि स्टेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकव. किरण हलला तर आरसे पुन्हा जुळव. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंस तर किरणाचं घसरणं रेणूचा क्षय म्हणून छापायला जाईल.

पंप आणि प्रोबच्या ध्रुवणांत ५४.७ अंश ठेव, म्हणजे रेणूचं नुसतं गोल फिरणं मोजमापात येत नाही. नुसत्या द्रावकाची एक फेरी घे. शून्याजवळचा खोटा संकेत आणि पांढऱ्या प्रकाशातल्या रंगांचं मागेपुढे पोचणं त्यातच कळतं. पहिल्या ५ पिकोसेकंदांत पावलं बारीक टाक, पुढे मोठी. मात्र नंतरची काही पिकोसेकंदं वर्णपट सरकताना दिसला तर लगेच ‘आकार बदलतोय’ म्हणू नकोस. बहुधा तापलेला रेणू द्रावकात निवत असतो.

पंपाची ऊर्जा निम्मी केल्यावर संकेतही निम्मा होतो का, तेवढं बघ. घड्याळ आणि अंगठी ड्रॉवरमध्ये, लेझरचा संरक्षक चष्मा डोळ्यांवर.