घरात अनोळखी किडा दिसला? चप्पल नंतर, आधी नीट बघा

नवीन किडा दिसला की आपल्याकडं एकतर चप्पल नाहीतर स्प्रे, आणि त्याची पार चटणी झाल्यावर मग ग्रुपवर फोटो, "हे काय आहे कुणी सांगेल का". आता त्यावरून कोण काय सांगणार! आधी काचेचा ग्लास पालथा घाला, खालून कागद सरकवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून वरून आणि बाजूनं फोटो काढा, नाणं असलं की साईज कळते.

मग पाय मोजा. 6 म्हणजे कीटक, 8 म्हणजे कोळी, गोचीड, विंचू ह्यांच्यातला (विंचवाच्या पुढच्या चिमट्यासारख्या नांग्या पायात धरू नका). लय पाय असतील तर शरीराच्या एका कड्याला पायाची एकच जोडी आहे का बघा, असेल तर गोम, ती चावते. दोन-दोन जोड्या दिसल्या तर वाणी, ती बिचारी नुसती वेटोळं घालून पडते.

पण पायापेक्षा जागा जास्त सांगते. ज्वारी-गव्हाच्या कोठीत, 3 मिलिमीटरचा अन् पुढं सोंड, म्हणजे सोंडाच. पिठात तांबूस, चपटा, बिनसोंडेचा असेल तर तांबडा भुंगेरा, पण पिठाला-रव्याला जाळी धरली असेल तर ते काम पतंगाच्या अळीचं. तूर-हरभऱ्याच्या दाण्यावर पांढरा ठिपका घट्ट चिकटलेला दिसला तर ते अंडं, आणि गोल भोक म्हणजे भुंगेरा बाहेर पडून गेलाय, बाकीच्या दाण्यांत अजून आत बसलेले असणार, त्यामुळं नुसतं चाळून भागत नाही.

भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी करडी चपटी पिशवी दिसते आणि जवळ जाऊन बघावं तर ती चालायलीय! आत अळी असते. धूळ, वाळूचे कण स्वतःच्या रेशमानं चिकटवून केलेली ही पिशवी दोन्हीकडून उघडी असते, त्यामुळं अळी कधी ह्या टोकातनं डोकं काढते कधी त्या. जळमटं, केस, लोकर खाते, माणसाला काही करत नाही, झाडू मारा की झालं. चौकटीवर मातीचा गोळा असेल तर कुंभारीण माशी, फोडला तर आत कोळी निघतात, पिल्लांच्या खाण्यासाठी डंख मारून लुळे करून भरलेले.

पहिल्या पावसानंतर ट्यूबखाली पंखवाले यायलेत तर कंबर बघा. कंबर जाड, चारी पंख सारखे, मिशा सरळ, म्हणजे वाळवी. कंबर बारीक, पुढचे पंख मोठे, मिशा कोपरात वाकलेल्या, म्हणजे मुंग्या. वाळवी बाहेरनं उजेडाला आली तर सोडून द्या, पण घरातल्याच फटीतनं निघायली असेल तर चौकटी ठोकून बघा, पोकळ आवाज आला की माणूस बोलवा.

एकाला मात्र अजिबात चिरडू नका. लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, पंख आखूड, शेपूट वर उचलून पळणारा, ॲसिड किडा म्हणतात त्याला. चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्यातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांत जळजळीत फोड. फुंकर मारून उडवा, जागा साबणानं धुवा.

विंचवाची शंका असेल तर अंधारात नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, हिरवट चमकतो. चावलाच तर मंत्र-बिंत्र नको, सरळ दवाखाना. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले आहेत!

गुगल लेन्स वापरा, पण त्यानं साध्या कोळ्याला 'ब्राऊन रेक्लूस' हा विषारी कोळी म्हणलं तर घाबरू नका, तो अमेरिकेतला आहे. धान्यातल्या किडीचं कळतच नसेल तर किड डबीत घालून जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, डबीवर कुठं आणि कशात सापडली ते लिहून.