जर्मन आइनटॉप्फ करताय? मग या चुका टाळा

आइनटॉप्फ म्हणजे एकाच भांड्यात शिजवलेलं दाट जर्मन कालवण. इथे जर्मनीत पहिल्यांदा लिन्झन-आइनटॉप्फ, म्हणजे मसुराचा, केला तेव्हा मसूर पावणेदोन तास उकळत होता आणि तरी दाताखाली कडक लागत होता. आमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर एक श्वाबियन, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या, आजी राहतात, त्यांनी झाकण उचलून वास घेतला आणि एकच प्रश्न विचारला, व्हिनेगर कधी घातलंस? मी म्हटलं, सुरुवातीलाच, सगळ्याबरोबर. त्या हसल्या आणि वर निघून गेल्या.

आता गंमत बघा, आमटीत चिंच डाळ शिजल्यावर घालायची हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, पण भांडं परदेशी झालं की अक्कल गहाण पडते. आंबट पाण्यात कडधान्याचं साल मऊ होतच नाही, आतलं पेक्टिन धरून बसतं, मग दोन तास उकळा नाहीतर चार तास. टोमॅटो, वाइन, सावरक्राउट (आंबवलेला कोबी), सगळ्यांना हाच नियम, आणि हे बटाट्यालाही लागू होतं बरं का, आंबट रश्श्यात टाकलेला बटाटा तासाभरानेही कच्चाच लागतो. म्हणून आधी सगळं शिजवा, आंबट शेवटच्या पाच मिनिटांत. चार जणांना पाव किलो मसूर घेतला तर २-३ मोठे चमचे व्हिनेगर आणि चमचाभर साखर.

चूक आधीच झाली असेल तर? चिमूटभर खायचा सोडा टाका, आंबटपणा मरतो आणि मसूर हलायला लागतो. पण चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आणि दुकानात सोडा घेताना पाकीट नीट वाचा, तो नाट्रॉन नावाने मिळतो, शेजारीच बाकपुल्फर असतं ती बेकिंग पावडर, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं म्हणजे आगीतून फुफाट्यात. व्हिनेगर न घालताही मसूर शिजत नसेल तर एकतर तो जुना आहे नाहीतर पाणी जड आहे, म्युनिक-बर्लिनवाल्यांना हे सांगायला नको, तिथे केटलला पांढरा थर चढतो तेच पाणी. त्यावरही हीच चिमूट.

दुसरी चूक डाळीच्या निवडीतली. इंडियन स्टोअरमधून आणलेली लाल मसूर डाळ घालून "जर्मन लेंटिल स्ट्यू केलं" असे फोटो ग्रुपवर येतात, अरे बाबा ती आमटी आहे, छानच असेल पण आमटी आहे. इथे लागते टेलरलिन्झन, म्हणजे मोठ्या चपट्या दाण्याचा अख्खा मसूर, कोल्हापूर-सांगलीकडे ढाब्यावर खाल्लेला आठवतोय ना, त्याचीच थोराड बहीण. भिजवावी लागत नाही, ३५-४५ मिनिटांत होते. बारीक दाणा आवडत असेल तर श्वेबिशे आल्बच्या डोंगरावरचा मसूर घ्या, महाग आहे पण शिजल्यावर आकार सोडत नाही. तिथली जुनी वाणं शेतातून पार गेली होती, त्यांचं बी २००६ मध्ये सापडलं ते थेट सेंट पीटर्सबर्गच्या वाविलॉव्ह संस्थेच्या बियाणं-संग्रहात.

श्वाबियन लोक हा मसूर श्पेट्झले (अंड्याच्या मऊ शेवया) आणि झाइटन नावाच्या लांब बारीक सॉसेजबरोबर खातात. ती सॉसेज उकळत्या भांड्यात टाकायची नसतात, टाकली की साल फाटतं आणि सगळी चव रश्श्यात जाते. गॅस किंवा प्लेट बंद करून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, बास.

आता फोडणी. मी सांगून थकले पण जिरं-हिंग-हळद घातल्याशिवाय हात राहत नाही लोकांचा. पाया असतो तो झुपेनग्र्यूनचा, म्हणजे सुपरमार्केटमध्ये रबरबँड लावलेली जुडी मिळते, गाजर, लीक, पार्सली आणि एक खडबडीत मातकट ओबडधोबड तुकडा. तो तुकडा म्हणजे सेलेरीचा कंद, आणि निम्मे लोक तो काय आहे हे न कळल्यामुळे फेकून देतात. तोच तर खरा वास! जाड साल सुरीने उतरवा, पीलरने जमत नाही, आणि बारीक चौकोनी तुकडे करा. लीक मात्र उभी चिरून पानं सुटी करून नळाखाली धरा, कारण माती पानांच्या थरांमध्ये असते, वरून धुऊन काही होत नाही, मग पहिल्या घासाला कचकन लागतं आणि पाहुणे काही बोलत नाहीत, नुसते हळू चावायला लागतात. हे सगळं लोण्यावर किंवा चरबीवर दहा मिनिटं शांतपणे परता, कडा जरा तांबूस होऊ द्या. शाकाहारी करणार असाल तर ही पायरी अजिबात उरकू नका कारण चव देणारं मांस तुमच्याकडे नाही, धुराचा वास हवा तर स्मोक्ड टोफू परतून वरून घाला, नाहीतर अर्धा चमचा स्मोक्ड पाप्रिका.

आणि हो, तमालपत्र! देशातून आणलेलं तमालपत्र आणि इथलं लॉरबेअर हे एक नाही. आपल्या पानाला दालचिनीकडे झुकणारा वास असतो, तीन उभ्या शिरांचं पान ते, इथल्या पानाला एकच मधली शीर. वाटाण्याच्या सूपमध्ये आपलं पान टाकलं की एकदम पुलावाचा वास येतो. मायोरान (मार्जोरम, ओव्याच्या पानासारखा वाळवलेला सुगंधी पाला) शेवटी, तळहातावर चोळून घाला, तासभर उकळलेला मायोरान म्हणजे गवत.

मीठ. कासलर, श्पेक, मेटवुर्स्ट हे सगळे डुकराच्या मांसाचे खारवलेले आणि बहुतेक धूर दिलेले प्रकार, त्यात स्टॉक क्यूब, आणि वर आपण सवयीने सुरुवातीला मीठ घालतो. घालू नका, शेवटी चाखून घाला. खारट झालंच तर "बटाटा टाक, मीठ शोषून घेतो" यावर फार विसंबू नका, बटाटा खारट पाणी पितो आणि राहिलेलं पाणी तितकंच खारट राहतं. साधं पाणी आणि अजून भाजी, एवढाच उपाय, त्या दिवशी भांडं मोठं होईल.

बीफचा आइनटॉप्फ करणारे सगळ्यात सुंदर, लाल, चरबी नसलेला तुकडा आणतात आणि मग तक्रार करतात की मांस दोरीसारखं झालं. पायाचं किंवा खांद्याचं मागा, शिरा आणि पांढरे पडदे दिसायला हवेत, तेच दोन तासांत वितळून रस्सा ओठांना चिकटेल असा करतात. उकळी मात्र खदखदा नको, मध्येच एखादा बुडबुडा येईल इतकीच. बव्हेरियाच्या जंगलपट्ट्यातला पिशेलश्टाइनर नावाचा आइनटॉप्फ तर ढवळायचाच नसतो, बीफ, पोर्क, मटण आणि भाज्या थरांनी लावायच्या, झाकण ठेवायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. रेगेन गावात त्याचा उत्सव १८७४ पासून भरतो. आमच्याकडे मात्र मिस्टर दर दहा मिनिटांनी झाकण उघडून डाव फिरवतात आणि मग बटाट्याचं गरगट होतं.

बटाट्याचंही थोडं बघा. पिशवीवर बहुतेक रंगाची पट्टी असते, हिरवी म्हणजे शिजून आकार टिकवणारा, निळी म्हणजे पिठूळ, लाल मधला. आइनटॉप्फला हिरवा किंवा लाल, आणि कार्टोफेलझुप, म्हणजे बटाट्याचं सूप, घोटून दाट करायचं असेल तर निळा. एवढं वाचलं तरी निम्मी गरगट वाचतील.

दाटपणासाठी मेलश्विट्झ करतात, लोण्यात मैदा परतून. पिठल्यात गुठळ्या का होतात हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं शिकायला नको, गरम पिठावर थंड पाणी थोडं थोडं आणि हात थांबवायचा नाही. फक्त नंतर दहा मिनिटं उकळू द्या, नाहीतर कच्च्या मैद्याची चव राहते.

ग्र्यूनकोल, म्हणजे केल ही पालेभाजी, हा उत्तरेकडचा, ब्रेमेन-ओल्डनबुर्गचा प्रकार, पालकासारखा पाच मिनिटांत उतरवू नका. तास-दीड तास मंद शिजतो, त्यात पिंकेल सॉसेज. चिरताना हिरवागार दिसत होता आणि आता शेवाळी झाला म्हणून घाबरू नका, तसाच असतो.

आणि शेवटी वाटाण्याचं सूप, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती तिथलीच. आधी छोट्या गोष्टी. अर्धे केलेले वाटाणे भिजवले नाहीत तरी चालतात, अख्खे पिवळे मात्र रात्रभर भिजवा. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस शिट्टीत जाऊन अडकतो. आणि काचेच्या इलेक्ट्रिक प्लेटवर शिजवताना लक्षात ठेवा की बटण बंद केलं तरी प्लेट बराच वेळ तापलेली असते, सूप तळाला लागतं ते बहुतेक तेव्हाच. लागलंच तर खरवडू नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता.

आता फजिती. मित्रमंडळी येणार म्हणून आदल्या दिवशी पाच लिटर सूप केलं, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं म्हणून. भांडं फ्रीजमध्ये मावेना, तर झाकण घट्ट लावून बाल्कनीत ठेवलं, थंडीत बाल्कनी हाच आपला फ्रीज. त्या रात्री नेमकं बाहेर बारा डिग्री होतं. एवढं मोठं दाट भांडं आतून तासन्तास कोमट राहतं आणि वाटाण्याचं सूप आंबायला तेवढंच हवं असतं. झाकण उघडं ठेवून, भांडं सिंकमध्ये थंड पाण्यात बसवून, उथळ डब्यांत वाटून दोन तासांत फ्रीजमध्ये टाकायला हवं होतं. सकाळी झाकण उचललं तर वर बारीक बुडबुडे, जणू इडलीचं पीठ. मी म्हटलं उकळून घेऊ, आजी नेमक्या जिन्यातून जात होत्या, त्यांनी दारातूनच मान हलवली, उकळून ते परत येत नाही. पाहुण्यांना त्या दिवशी खिचडी मिळाली, आणि पाच लिटर सूप दोन फेऱ्यांत खाली ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेलं.