लिनक्स बूटला वेळ लागतोय? फॉरमॅट मारायच्या आधी डिस्क बघा

सांगलीत सपोर्टच्या कामाला नवीन लागलेली पोरं बघतो मी, लिनक्सचं मशीन चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घ्यायला लागलं की हात सरळ पेन ड्राइव्हकडं जातो, टाकू नवीन उबुंटू म्हणून. नवीन टाकल्यावर पण मशीन तेवढंच रखडतं आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं.

वेळ नेमका कुठं जातोय ते आधी काढा. टर्मिनलमध्ये सिस्टमडी-ॲनालाइझ (systemd-analyze) मारलं की कर्नलला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याला, किती सेकंद आणि यूजरस्पेसला, म्हणजे त्यानंतर चालू होणाऱ्या सर्व्हिसेसना, किती हे वेगळं दाखवतं. त्याच कमांडपुढं ब्लेम (blame) लावलं की कुठल्या सर्व्हिसला किती वेळ लागला त्याची यादी येते, सगळे तिच्यावरच भुलतात, पण त्यातल्या सर्व्हिसेस एकाच वेळी चालू असतात, सगळ्यात वरची म्हणजे गुन्हेगार असं नसतं, आणि कर्नलचा वेळ त्या यादीत येतच नाही. त्यापेक्षा क्रिटिकल-चेन (critical-chain) लावून बघितलेलं बरं, कोण कुणासाठी थांबलं ते त्यात दिसतं.

कर्नलचाच आकडा फुगला असेल तर डीमेसेज (dmesg), म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, उघडा. ओळीच्या सुरवातीला कंसात सेकंद असतात, ते एकदम 3 वरून 13 वर उडी मारतात तिथं थांबा. बऱ्याचदा तिथंच एटीए (डिस्क जोडतात त्या) पोर्टचा नंबर आणि ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट’ असली ओळ सापडते, खाली ‘कॉमरिसेट फेल्ड’. म्हणजे डिस्क उत्तर देत नाहीये आणि कर्नल तिला रिसेट मारत बसलाय, आधी 10 सेकंद, परत 10, मग 35, शेवटी 5, एका पोर्टपायी मिनिटभर गेला की. मध्येच लिंकचा स्पीड 1.5 जीबीपीएसवर पण उतरवतो.

आता लगेच डिस्क गेली असं गिऱ्हाइकाला सांगू नका. मशीन बंद करून साटा केबल (डिस्कची डेटा केबल) काढून परत घट्ट बसवा, नाहीतर दुसरी लावा, पोर्ट बदला, पॉवरची पिन पण बघा. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचं कॅबिनेट उघडलं तर आत सगळं पिवळंधमक असतं, तिथं कनेक्टर आधी साफ करायचे, बाकी सगळं नंतर. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडनं 199 नंबरचा सीआरसी एरर काउंट, म्हणजे केबलमधून डेटा जाता-येता झालेल्या चुकांचा आकडा, लिहून ठेवा. तो आकडा कमी कधीच होत नाही, त्यामुळं केबल बदलल्यावर वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. त्याच यादीतले 5 आणि 197 नंबरचे आकडे (बदललेले आणि संशयित खराब सेक्टर) वाढत असतील तर मात्र डिस्कच चाललीय, बाकीचे प्रयोग राहू द्या, आधी बॅकअप घ्या.

यूजरस्पेसमध्ये अडकलं असेल तर स्क्रीनवर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि दीड मिनिटाचं घड्याळ दिसतं. कुणीतरी जुनी डिस्क काढलेली असते किंवा स्वॅप परत फॉरमॅट केलेलं असतं, म्हणून यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख नंबर) बदललेला, आणि एफएसटॅबमध्ये (/etc/fstab, बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) जुनाच, सर्व्हिसेस चालू करणारं सिस्टमडी बिचारं 90 सेकंद त्याची वाट बघतं. ब्लकआयडी (blkid) कमांडनं खरा यूयूआयडी काढून तिथं टाका, डिस्कच नसेल तर ती ओळ हॅश लावून बंद करा. बॅकअपची डिस्क कधी असते कधी नसते, तिच्या ओळीत नोफेल (nofail, नसली तरी बूट अडवू नको) लावा, रूटला, म्हणजे सिस्टम ज्यावर आहे त्या पार्टिशनला, लावायच्या भानगडीत पडू नका.

आणि लई जुनं मशीन असेल, डीमेसेजमध्ये एफडी0 चे (fd0, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हचे) आयओ एरर येत असतील, तर बायोसमध्ये जाऊन फ्लॉपी डिसेबल करा, ड्राइव्ह नसताना पण तिथं ती चालूच ठेवलेली असते.