वारशात आलेली जुनी फिशिंग रॉड : ओळख, तपासणी आणि वापर

माळ्यावरच्या कापडी पिशवीतून आजोबांची फिशिंग रॉड निघाली की पहिला हात पॉलिश पेपरकडे जातो. तिथेच थांबा. अशी जुनी काठी पुष्कळदा बांबूची असते. बांबूचे बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असते, आतला गर जवळपास भरतीचाच. साल घासली तर काठी चकचकीत होते आणि कायमची दुबळीही. शिवाय मुठीच्या वर शाईने लिहिलेले नाव असते. वरचे व्हार्निश झिजले असेल तर स्पिरिटच्या एका बोळ्याने ते नाव जाते. घट्ट पिळलेले ओले फडके आणि लगेच कोरडे फडके, एवढीच पहिली सफाई.

कशाची आहे?

एक तुकडा बोटांत फिरवा. सहा सपाट बाजू आणि कोपऱ्यांवर बारीक सांधे लागले तर ती 'स्प्लिट केन'. नावात केन असले तरी हा वेत नव्हे. दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून ती बनते. गोल, भरीव, गडद आणि हाताला जड, एकही पेर न दिसणारी काठी बहुधा ग्रीनहार्ट या दक्षिण अमेरिकी लाकडाची. गोल आणि पोकळ फायबरग्लास म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची. कार्बनची असेल तर १९७० च्या दशकाच्या मागे जात नाही.

आता नाव वाचा. टॉर्च आडवा धरला की पुसट अक्षरेही उठतात. 'पॅलाकोना' हा शब्द दिसला तर काठी इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या हार्डी ब्रदर्सची. १८७२ साली सुरू झालेल्या या कंपनीचे ते स्प्लिट केनसाठीचे व्यापारी नाव. 'स्टील सेंटर' लिहिले असेल तर बांबूच्या पोटात पोलादी तार आहे, लोहचुंबक लावून खात्री करता येते. फ्लाय रॉडवर, म्हणजे माशीसारखा हलका गळ जाड दोराच्या वजनाने फेकायच्या काठीवर, एचडीएच किंवा एचसीएच अशी अक्षरे म्हणजे रेशमी दोराच्या जाडीची जुनी खूण. आज त्यांच्या जागी साधारण ६ आणि ७ नंबरचा दोर चालतो. अक्षरांऐवजी थेट नंबर असेल तर काठी १९६० च्या दशकातली किंवा नंतरची. लाकडी पेटीतली, भडक दोऱ्यांच्या भरपूर वेढ्यांची जपानी काठी असेल तर ती युद्धानंतर ढिगाने निघालेल्या स्वस्त मालातली. ती भिंतीवर शोभते, मोठ्या माशाला मात्र लावू नये.

पाण्यावर नेण्याआधी

सगळे तुकडे शेजारी उभे करा. चांगल्या काठीचे तुकडे सहसा सारख्या लांबीचे असतात. टोकाचा तुकडा पाच-सहा सेंटिमीटर आखूड भरला तर शेंडा कधीतरी मोडला आणि दोर ज्यातून जातो ती टोकाची कडी खाली सरकवून बसवली, असे समजा. अशी काठी चालते, पण शेंड्याला ताठ राहते.

मग प्रत्येक तुकडा कानाशी धरून बोटाच्या पेराने हलके ठोका. आवाज एकसंध हवा. खरखर किंवा टकटक ऐकू आली तर पट्ट्यांचा गोंद सुटला आहे. जुन्या काठ्यांत प्राण्यांच्या कातडी-हाडांचा सरस वापरत, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तो हमखास दगा देतो. अशी काठी वाकवू नका, जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या. हवेत सपासप फिरवून ताकद अजमावण्याचा मोह तर कोणत्याही जुन्या काठीबाबत टाळाच.

कड्यांमधून नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा ओढा. जिथे अडकेल तिथे चर किंवा तडा आहे. टोकाच्या कडीत अकीक बसवलेला असेल तर भिंगाने पाहा. केसाएवढा तडाही दोर कापतो.

जोडनळ्या म्हणजे फेरूल, हे सर्वांत नाजूक ठिकाण. चांगल्या काठीत त्या जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. काळेपणा स्पिरिटच्या बोळ्याने काढा, पण स्पिरिट धातूपुरतेच, व्हार्निशला लागू देऊ नका. तेल घालू नका, त्यावर धूळ बसते आणि नळी घासून सैल होते. अगदीच घट्ट असेल तर आत जाणाऱ्या भागावर मेणबत्ती एकदाच फिरवा. जोडताना कड्या आधीच एका रेषेत धरून सरळ दाबा, काढताना सरळ ओढा. पिळलात तर पट्ट्या सुटतात. अपवाद हार्डीच्या 'लॉकफास्ट' जोडाचा, तिथे खिळा खाचेतून सोडवायला किंचित फिरवावेच लागते. जोड अडकला तर काठी गुडघ्यांमागे आडवी धरा, जोडाच्या दोन्ही बाजूंना बांबूवर हात ठेवा, हात ताठ ठेवून गुडघे हळूहळू फाकवा. खेच आपोआप सरळ येते.

कडीचा दोरा सुटला असेल तर बारीक रेशमी दोऱ्याने शेजारी-शेजारी वेढे घ्या. शेवटचे सात-आठ वेढे दोऱ्याच्याच एका फासावरून घ्यायचे, टोक फासात घालून फास ओढला की ते वेढ्यांखाली जाते. व्हार्निश लागले की रेशीम पारदर्शक होऊन रंग गडद दिसतो, म्हणून आधी वेगळ्या काडीवर करून पाहा. पातळ व्हार्निशचे दोन हात पुरेत, मध्ये एक पूर्ण दिवस सुकू द्या.

वापरताना

नऊ-दहा फुटी हलक्या काठीला सहा ते आठ पौंड ताण सोसणारा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोर) लावा. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोर नको. तो ताणत नाही, त्यामुळे माशाचा प्रत्येक हिसका थेट बांबूवर येतो. मासा लागल्यावर काठी उभ्या रेषेच्या मागे नेऊ नका, शेंडे मोडतात ते बहुतेक तिथेच, मासा काठाशी आल्यावर. गळ दगडात अडकला तर काठी दोराच्या रेषेत सरळ धरा आणि हाताला फडके गुंडाळून दोरच ओढा. जुन्या काठीसोबत पुष्कळदा दोन शेंडे येतात. ते आलटून-पालटून वापरा. मासा खेळवताना अधूनमधून रीळ वरच्या बाजूला येईल अशी काठी फिरवली तर शेंडा एकाच अंगाला कायमचा वाकत नाही.

घरी आल्यावर पुसून, तुकडे सुटे करून रात्रभर पंख्याखाली ठेवा. ओली काठी पिशवीत किंवा नळीत गेली की बुरशी येते, व्हार्निश पांढुरके होते आणि सरस सुटू लागतो. पिशवी खुंटीला टांगा. भिंतीला तिरकी टेकवलेली काठी एका पावसाळ्यात वाकते, आणि तो बाक काढायला शेगडीवर धरली तर उरलेला सरसही जातो.