पहिलीचा वर्ग लावताना

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा शाळा उघडायला दोनच दिवस होते. रायगड जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी. तालुक्याहून बाराखडी, फळं, पक्षी असे तक्ते विकत आणले आणि चारही भिंती भरून टाकल्या. वर्ग छान दिसत होता. पण मुलं तक्त्यांकडे बघेनात, आणि जुलैत भिंतींना ओल धरली तसे निम्मे तक्ते गळून पडले.

पुढच्या मे महिन्यात रिकाम्या वर्गात बसकरपट्टी टाकून मुलांच्या जागी मांडी घालून बसलो, तेव्हा कारण कळलं. तक्ते मी माझ्या नजरेच्या उंचीवर लावले होते. खिडकीचा उजेड फळ्यावर पडून उजवीकडची अक्षरं दिसतच नव्हती. फळ्याची खालची कडसुद्धा पहिलीच्या मुलाच्या हाताला लागत नव्हती. तुम्हीही आधी असंच बसा, चारही कोपऱ्यांत. मगच खिळा ठोका.

बसण्याची दिशा बदलली, उजेडाचा प्रश्न तिथेच सुटला. मग भिंतीवर जमिनीपासून एक फूट सोडून साडेतीन फुटांपर्यंत काळा पट्टा रंगवून घेतला आणि प्रत्येक मुलाला त्यात लिहायला हातभर जागा दिली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) रचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात अशा वर्गांमुळे जमिनीवरची रेखाटनं आणि मुलांच्या उंचीचे फळे राज्यभर पोचले. आमचा पट्टाही त्यातूनच सुचला. रंगाचं काम मात्र मेमध्येच उरका. कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरतो, मग रंग वाळत नाही. कौलंही तेव्हाच परतून घ्या. खर्चाचा विषय आधी शाळा व्यवस्थापन समितीत मांडा.

बाकी भिंती मी आता मोकळ्या ठेवतो. मुलांच्या डोक्याच्या उंचीवर फक्त सुतळी बांधतो आणि कपडे वाळत घालायचे चिमटे अडकवतो. तिथे जे टांगायचं ते मुलं करतील.

सगळ्यात जास्त वेळ मी नावांच्या पट्ट्यांना देतो. आमच्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. त्यामुळे पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याला त्यांची मुलं बहुधा नसतात, मुलाची तयारी नोंदवायचं विकासपत्रही भरलेलं नसतं. अंगणवाडीताईंना घेऊन मी वाडीवर जातो, दारात बसतो. एका मुलीचं जन्मदाखल्यावर एक नाव होतं आणि घरी तिला दुसऱ्याच नावाने हाक मारत. हजेरी घेताना ती ‘हजर’ म्हणालीच नसती, आणि मी तिला गैरहजर धरलं असतं. तेव्हापासून पट्टीवर दोन्ही नावं लिहितो, हाक मारायचं मोठ्या अक्षरात. घरी पाण्याला, चुलीला, भाकरीला काय म्हणतात तेही वहीत टिपून आणतो. पहिले काही दिवस गोष्ट सांगताना मी तेच शब्द वापरतो, पुस्तकातले हळूहळू येतात.

पाठ्यपुस्तकं मोजून घ्या, जनरल रजिस्टरमधल्या (प्रवेशाच्या नोंदवहीतल्या) जन्मतारखा दाखल्याशी ताडून बघा, पाण्याची टाकी धुऊन घ्या. ही कामं एका दिवसात होतात.

प्रवेशोत्सवाच्या सकाळी तोरण, फुलं, फुगे सगळं असतं. मी दारातल्या टेबलावर नावांच्या पट्ट्या मांडून ठेवतो. प्रत्येक मूल आपली पट्टी उचलतं, काळ्या पट्ट्यावरची आपली जागा शोधतं आणि तिथे चिकटवतं. आईला सोडून आत यायला तेवढं काम पुरतं.