डेटाबेसमध्ये लीडिंग झिरो (कोडच्या सुरुवातीचे शून्य) काढताय? या चुका टाळा

सॅपच्या ईसीसीमधून (कंपन्या माल-हिशेब सांभाळायला वापरतात ते सॉफ्टवेअर) डेटा काढून एसक्यूएल सर्व्हरमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आणला की मटेरियल कोड असा दिसतो: ००००००००००००१०४५२०. मोजून १८ कॅरेक्टर. आणि स्टोअरवाल्यांच्या एक्सेलमध्ये तोच माल नुसता १०४५२०. दोन्ही टेबल जॉइन केली (कोडवरून जोडली) की एकही रो जुळत नाही, मग घाईत कास्ट करून (डेटाचा प्रकार बदलून) इंट म्हणजे पूर्णांक बनवायचं आणि पुढे जायचं असं सर्रास चालतं. (आकडे इथे मराठीत लिहिलेत, क्वेरीत अर्थातच इंग्रजी आकडे टाका.)

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, टेक्स्ट कॉलमला नंबर समजणं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंट २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, म्हणजे आपला साधा दहा आकडी मोबाइल नंबरसुद्धा त्यात बसत नाही. बिगइंट घेतला तरी १९ आकड्यांच्या पुढे जात नाही. आणि लाखभर रो मध्ये एकच कोड 'एबी-१००' असा निघाला की अख्खी क्वेरी एरर देऊन पडते. मग लोक ट्राय-कास्ट लावतात (२०१२ च्या व्हर्जनपासून आहे), एरर जाते खरी पण त्या रो ला नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) मिळतो आणि इनर जॉइनमध्ये (फक्त जुळणाऱ्या रो ठेवणारा जॉइन) तो माल गुपचूप गायब होतो, रिपोर्टचा टोटल कमी का येतोय ते नंतर शोधत बसा. वर रिकामी स्ट्रिंग (टेक्स्ट) इंटमध्ये कास्ट केली तर नल नाही, चक्क ० मिळतो. मायएसक्यूएल अजून वेगळं वागतं, '१२एबी' दिलं तर त्यातले १२ उचलतं आणि नुसती वॉर्निंग देतं. एररपेक्षा हे जास्त घातक आहे.

'आधी इजन्यूमेरिक (आकडा आहे का ते सांगणारं फंक्शन) चेक करतो, मग कास्ट करतो' यावरही विसंबू नका. इजन्यूमेरिक '१ई५' किंवा नुसत्या डॉलरच्या चिन्हालाही हो म्हणतं, आणि वेअरमधल्या अटी तुम्ही लिहिल्या त्याच क्रमाने चालतील याची गॅरंटी नसते.

रिप्लेसने झिरो काढणं तर विसराच, ते मधले झिरोही खाऊन टाकतं: ००१०५०२० चं थेट १५२. एक जुनी ट्रिक आहे, सगळ्या झिरोच्या जागी स्पेस टाकायची, एलट्रिम करायचं (डावीकडच्या स्पेस काढायच्या) आणि परत स्पेसचे झिरो करायचे, ती चालते पण व्हॅल्यूमध्ये आधीच स्पेस असेल तर '००१२ ए' चं '१२०ए' होतं.

नीट मार्ग टेक्स्टचाच आहे. ओरॅकल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये एलट्रिमला दुसरा पॅरामीटर झिरो द्या, झालं. मायएसक्यूएलमध्ये एलट्रिम फक्त स्पेस काढतं, तिथे ट्रिम लीडिंग वापरा. एसक्यूएल सर्व्हर २०२२ मध्येही एलट्रिमला झिरो देता येतो पण कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कुठल्या व्हर्जनसारखा वागेल ती सेटिंग) १६० लागते, जुन्यावर असाल तर पॅटइंडेक्सने पहिलं झिरो नसलेलं कॅरेक्टर कुठे आहे ते शोधायचं आणि तिथून सबस्ट्रिंग घ्यायची. इथे एक खाच आहे: व्हॅल्यू '००००' असेल तर पॅटइंडेक्सला काहीच सापडत नाही, ते ० देतं आणि सबस्ट्रिंगमधून '०००' बाहेर येतं. म्हणून शोधताना कॉलमच्या शेवटी एक टिंब जोडून द्या, मग रिकामी स्ट्रिंग येते, तिला केसने (अट लावून) '०' करा. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल, तेव्हा तिथे खरा नल आणि 'सगळे झिरो' यात फरक करायला मूळ कॉलमच बघावा लागतो.

सॅपच्या बाबतीत अजून एक गोष्ट. झिरो भरले जातात ते फक्त पूर्ण आकडी कोडला, 'एबी-१००' सारखे कोड जसेच्या तसे राहतात. म्हणजे '००ए१०' मधले झिरो त्या कोडचे स्वतःचे आहेत, ते कापायचे नाहीत. आधी कोड पूर्ण आकडी आहे का ते तपासा, मगच ट्रिम.

काही कॉलमना तर हातच लावू नये. जीएसटी नंबर १५ कॅरेक्टरचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. टेस्टिंगला सगळे पुण्या-मुंबईचे व्हेंडर घेतले तर सगळं मस्त चालतं आणि लाइव्ह गेल्यावर दिल्लीचा व्हेंडर १४ कॅरेक्टरचा होऊन बसतो. एचएसएन कोडचंही (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा कोड) तेच, चहा ०९०२, त्याचं ९०२ केलं की तो चार आकडी कोड राहतच नाही.

ट्रिम करूनही झिरो तसाच दिसतोय? मग झिरोच्या आधी स्पेस, टॅब किंवा वेबवरून कॉपी झालेली नॉन-ब्रेकिंग स्पेस असणार, साध्या एलट्रिमने यातली फक्त साधी स्पेस जाते, बाकीच्या दोन नाही. पहिल्या कॅरेक्टरचा कोड काढून बघा: ४८ म्हणजे खरा झिरो, १६० म्हणजे ती स्पेस, ७९ म्हणजे कोणीतरी इंग्रजी ओ टाइप केलाय. आणि फॉर्म मराठी कीबोर्डवरून भरला असेल तर युनिकोडमध्ये २४०६ येईल, तो आपला देवनागरी शून्य, दिसायला सारखा पण डेटाबेससाठी वेगळाच.

स्पीडचं बघायचं तर वेअर किंवा जॉइनमध्ये मोठ्या टेबलच्या कॉलमला फंक्शन लावलं की त्यावरचा इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) साधारणपणे कामाला येत नाही. उलटं करा: एक्सेलमधल्या छोट्या टेबलच्या पूर्ण आकडी कोडला पुढे झिरो लावून १८ चा करा आणि सॅपचा कॉलम तसाच ठेवा. एलपॅड (डावीकडे कॅरेक्टर भरणारं फंक्शन) वापरत असाल तर ठरवलेल्या लांबीपेक्षा मोठी व्हॅल्यू ते कापतं, त्यामुळे लांबी आधी तपासा.

आणि कायमचा अपडेटच मारायचा असेल तर आधी ट्रिम केलेल्या व्हॅल्यूवर ग्रुप बाय करून (सारख्या व्हॅल्यू एकत्र करून) एकापेक्षा जास्त काउंट कुठे येतोय ते पाहा. '०१२३' आणि '१२३' ही दोन वेगळी गिऱ्हाइकं असतील तर अपडेटनंतर ती एकच होतील, आणि मूळ कॉलमची कॉपी ठेवली नसेल तर कुणाचा कोड कुठला होता हे टेबलवरून परत कळायचा मार्ग नाही.