एडीएचडीबद्दल ऑफिसात बोलायला जाताय? आधी कागद लिहा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, कामं लक्षात ठेवणं अवघड करणारी अवस्था. त्यासाठी ऑफिसकडे कामात थोडे बदल मागायचे, तर डायग्नोसिसचं पत्र तर घ्यालच. फक्त डॉक्टरांना सांगा की त्यात सगळी हिस्टरी नको, औषधांची नावं नकोत, कामावर काय परिणाम होतो आणि कशानं फरक पडेल एवढंच लिहा. डायग्नोसिस व्हायचं असेल तर शाळेची प्रगतीपुस्तकं शोधा, कारण लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसत होती का हे विचारतातच. माझी आईनं माळ्यावरून काढून दिली, चौथीच्या पुस्तकात बाईंचा शेरा होता, 'हुशार आहे, पण वस्तू हरवते.'

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला नेमकं काय हवंय ते कागदावर लिहून न्या. मी नेलं नव्हतं. अर्धा तास लहानपणापासूनचं सगळं सांगत बसले, मॅनेजरनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग आम्ही काय करायचं?" मला एक गोष्ट आठवेना, मीच म्हणाले, तुम्हीच बघा. पुढच्या महिन्यात माझ्याकडचं क्लायंटचं काम काढून डॉक्युमेंटेशन दिलं, ताण कमी व्हावा म्हणून. जे मला सगळ्यात चांगलं जमायचं तेच गेलं आणि ते परत मिळायला वर्ष लागलं.

म्हणून लिहा. डाव्या बाजूला अडचण, उजवीकडे मागणी. तोंडी सांगितलेलं काम निसटतं, तर कॉलनंतर दोन ओळी चॅटवर टाका. महिन्याची डेडलाइन डोळ्यांना दिसतच नाही, तर दर आठवड्याची तारीख द्या आणि सोमवारी दहा मिनिटं बोला. पॅन्ट्रीच्या दाराशी जागा आहे, तर भिंतीकडची द्या, हेडफोन चालू द्या. सकाळी दोन तास मीटिंग नको. चार-पाच पुरे, पण लिहिलेल्या. डोक्यात आहे म्हणू नका, त्या खुर्चीत बसल्यावर डोक्यातलं उडून जातं. मोबाइलमध्येही नको, कागदच.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं नाव नाही, त्यामुळे कायदा दाखवून भांडायला जाऊ नका. पण त्याच कायद्याप्रमाणे खासगी कंपनीलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं, ते इंट्रानेटवर शोधून आधी वाचा. तुमच्या मागणीच्या जवळचं काही त्यात असेल तर तेच शब्द कागदावर घ्या. हो, त्याच कागदावर.

अप्रेझलच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा ती सबब वाटते. टीममध्ये कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, एचआरला तसं स्पष्ट बोला. मीटिंगनंतर त्याच दिवशी मेल, काय ठरलं ते, मॅनेजर बदलतात. तीन महिन्यांनी परत भेटायची तारीख तिथेच कॅलेंडरला टाकून घ्या आणि तेव्हाही कागद न्या, नवीन लिहून.